माझ्याकडे पिस्तूल आहे

डेल्मर प्रूइटच्या दुकानात पुढच्या बाजूला मासे धरायचे गळ, रबरी बूट आणि शिकाऱ्यांचे नारिंगी कोट टांगलेले असतात. बंदुका आतल्या खोलीत, काचेच्या पेटीत. मागच्या दारातून बाहेर पडलं की टेकडीचा उतार खणून केलेली नेमबाजीची जागा. ओहायोच्या आमच्या कोपऱ्यात असं दुकान गावागावाला असतं, पण वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत मी त्या आतल्या पेटीपाशी कधी गेले नव्हते. रॉयस, माझा नवरा, हरणं मारायला जायचा. तो वारल्यावर त्याच्या बंदुका मी त्याच आठवड्यात दिराच्या गाडीत भरून दिल्या होत्या.

फेब्रुवारीच्या तेरा तारखेला, गुरुवारी सकाळी मी त्या पेटीसमोर उभी राहिले.

"तू?" डेल्मर म्हणाला. शाळेत तो माझ्यामागे दोन वर्षं होता. "व्हर्ना स्टॉडर्ड, अगं फटाका वाजला तर तू टेबलाखाली शिरायचीस!"

"आता गुडघे वाकत नाहीत. लहानसं काहीतरी दाखव. घरात ठेवायला."

त्यानं एक छोटं, काळं, नऊ मिलिमीटरचं पिस्तूल काढून कापडावर ठेवलं. वरची स्लाइड मागे ओढायला सांगितली. मला ती एका हातानं हललीसुद्धा नाही. दोन्ही हात लावले तेव्हा कशीबशी सरकली आणि माझ्या अंगठ्याचं नख मोडलं.

"कोरं आहे," तो म्हणाला. "नव्या बुटासारखं, आधी चावणार. दोनशे गोळ्या झाड, दर वेळी पुसून तेल दे, मग सैल होईल. तोवर त्याच्या भरवशावर राहू नकोस."

मी फॉर्म भरला, त्यानं फोनवरून माझ्यावर गुन्हा नाही ना, याची तपासणी करून घेतली, मी सही केली, खाली तारीख टाकली. कशाला हवंय, असं त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं, त्याला माहीत आहे. सगळ्या गावालाच तसं वाटत होतं.

त्याआधीच्या रविवारी दुपारी चारच्या सुमाराला माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर थाप पडली होती. बाहेर बर्फ पडत होतं. दाराच्या वरच्या काचेला पडदा आहे. मी तो बोटभर बाजूला केला. दाढीवाला माणूस, अंगात पातळ जॅकेट, कपाळावरून रक्त आलेलं. तो थोडा झुलत होता.

"बाई, दार उघडता का? माझी गाडी ओढ्यात गेली. फार गारठलोय."

मी म्हटलं, "माझ्याकडे पिस्तूल आहे. इथून गेला नाहीस तर दारातून गोळी घालीन."

माझ्याकडे पिस्तूल नव्हतं. भाजी चिरायची सुरी होती, तीही दुसऱ्या खोलीत.

बाहेर नुसता वारा वाजत होता. मग तो म्हणाला, "बरं, बरं. जातो." अगदी सभ्यपणे म्हणाला. मी पोलिसांना फोन केला नाही. टीव्हीचा आवाज वाढवला आणि खुर्चीत बसले. 'ॲपल पाय' कसा भाजायचा ते एक बाई दाखवत होती. सफरचंद भरलेला, गोड. ती तो भट्टीतून बाहेर काढीपर्यंत मी पाहिलं.

सोमवारी सकाळी तो माझ्या दारापासून चारशे पावलांवर, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याशी सापडला. थंडीनं गेला होता. आर्लन बॉग्स त्याचं नाव. आमच्या गावातल्या निटा बॉग्सचा धाकटा भाऊ, बरीच वर्षं इंडियानात होता, म्हणून मी ओळखला नाही. तिलाच भेटायला निघाला होता.

शेरीफचा डेप्युटी चौकशीला माझ्याकडे आला तेव्हा मी कॉफी दिली. "फोन का नाही केलात आम्हाला?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "माझ्याकडे माझं पिस्तूल होतं. तो गेला, मग मला भीती वाटली नाही."

त्यानं ते लिहून घेतलं. "पिस्तूल कधीचं?"

"गेल्या महिन्यात घेतलं," मी म्हटलं. इतकं सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

चर्चमध्ये बायकांनी माझा हात हातात घेतला. एकट्या बाईनं दुसरं काय करायचं, म्हणाल्या. हत्यार होतं म्हणून वाचलीस, म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःखानं.

तर पिस्तूल मी स्वतःच्या रक्षणासाठी घेतलं नाही. खोटं बोलले होते ते निदान यापुढे तरी खरं असावं, म्हणून घेतलं.

गुरुवारीच मी मागच्या जागेत पन्नास गोळ्या झाडल्या. दर गोळीला मनगटाला हिसका बसायचा, डोळे मिटायचे, रिकामं पितळी काडतूस बाजूला उडून गडगडत जायचं. कागदावरच्या माणसाच्या आकृतीवर एकोणीस भोकं पडली, बाकीच्या गोळ्या मातीत. दोनदा काडतूस अडकलं. "कोरं आहे ना," डेल्मर पुन्हा म्हणाला. घरी येऊन मी पिस्तूल पुसलं, तेल दिलं, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या खणात ठेवलं.

सोमवारी पुन्हा गेले. स्लाइड एका हातानं मागे आली. नुसती आली नाही, लोण्यातून सुरी जावी तशी आली. मी थांबून ती चारपाच वेळा ओढून पाहिली. बेअरिंगच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं तपासणीचं काम केलंय मी. इंचाच्या हजाराव्या भागाची झीज मला बोटाला कळते. पिस्तूल घरी आणून मी भिंगाखाली धरलं. कडांचा काळा रंग उडून खालचं पोलाद चकाकत होतं. मुठीवरची नक्षी अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झाली होती. पन्नास गोळ्यांनी असं होत नाही. पाचशेंनीही होत नाही.

पिस्तुलावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तोच होता.

आणि त्या दिवशी कागदावर सत्तेचाळीस भोकं होती, सगळी छातीच्या जागी. माझे डोळे एकदाही मिटले नव्हते. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मी तो कागद तिथेच फाडून टाकला.

बुधवारी मी खण साफ करायला काढला. तळाला फुलाफुलांचा कागद चिकटवलेला आहे, मीच दिवाळं निघालेल्या एका दुकानातून आणलेला. पिस्तूल उचललं तर त्याखाली तेलाचा डाग होता, पिस्तुलाच्या आकाराचा, चाप आणि मूठ स्पष्ट दिसावी असा. मध्ये गडद, कडेला पिवळा, आणि त्याच्याभोवती आणखी एक फिकट कडा. तेल कागदात मुरत मुरत लाकडापर्यंत गेलं होतं. मी कागद सोलून काढला. फळीवरही तोच आकार. मी साबणानं घासलं, मग व्हिनेगरनं. बोटं लाल झाली. आकार गेला नाही.

सहा दिवसांचा डाग नव्हता तो.

मी पिस्तूल खोक्यात घातलं आणि डेल्मरकडे गेले.

"परत घे," मी म्हटलं. "मला कुणाचं तरी वापरलेलं दिलंयस तू."

त्यानं पिस्तूल हातात घेऊन स्लाइड ओढली आणि हसला. "मस्त सैल झालंय की. किती झाडल्यास? हजारभर?"

"शंभर. परवा सोमवारपर्यंत शंभर."

"व्हर्ना, अगं तू दर शनिवारी येतेस."

त्याच्या मागे रेडिओवर हवामान सांगत होते.

"मी गुरुवारी घेतलं हे," मी म्हटलं. "गेल्या गुरुवारी. तू मला फटाक्यांवरून चिडवलंस."

"चिडवलं होतं खरं. पण ते जानेवारीत." तो आता माझ्याकडे जरा जपून बघायला लागला होता. त्यानं खालची फाइल काढली, बोटाला थुंकी लावून कागद उलटले, एक फॉर्म माझ्याकडे फिरवला. माझं नाव. माझी सही, स्टॉडर्डमधला शेवटचा 'ड' खाली ओढलेला, तशी माझ्याशिवाय कुणी काढत नाही. शेजारी माझ्याच अक्षरात तारीख. चौदा जानेवारी.

"दमलीयस तू," डेल्मर म्हणाला. "जे झालं त्यानंतर कुणीही दमेल. घरी जा. हे इथे ठेवायचं असेल तर ठेव."

मी ते उचललं आणि घरी आणलं. का, ते सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. गाडीत बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. चौदा जानेवारी. म्हणजे त्या रविवारी पिस्तूल माझ्याकडे होतं. म्हणजे डेप्युटीशी मी खोटं बोललेच नव्हते. कागदावर होतं, माझ्या सहीचं. रस्ताभर मी ते स्वतःशी म्हणत आले. मोरीच्या कठड्याजवळून गाडी गेली तेव्हाही म्हणत होते.

अंगणात गाडी बंद केली आणि मला ऐकू आलं, मी काय म्हणत होते ते. एक माणूस मेला होता आणि मी तारखेवर खूश झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निटा बॉग्सकडे गेले.

निटा शाळेच्या उपाहारगृहात वाढायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, हाडापेरानं थोराड बाई. तिनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. टेबलावर लोकांनी आणून दिलेली भांडी होती, झाकणांवर नावांच्या चिठ्ठ्या. त्यात माझंही एक होतं, बटाट्यांचं. तिनं ते उघडलेलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली.

मी बसले नाही. "निटा, त्या दिवशी माझ्याकडे पिस्तूल नव्हतं. मी त्याला खोटं सांगितलं. डेप्युटीलाही. मी घाबरले, आणि नंतर फोनसुद्धा केला नाही. टीव्ही बघत बसले. हे तुला सांगायला आले."

ती खुर्चीत बसली आणि हातानं टेबलावरचे नसलेले कण झाडत राहिली.

"मीही एक सांगते मग," ती म्हणाली. "त्यानं मला फोन केला होता. तुझ्या दारातूनच. लायसन्स गेलं होतं त्याचं, प्यायलेलाही असणार, म्हणून पोलिसांना करेना. मी पत्ते खेळत होते. पाहिलं, त्याचं नाव होतं, आणि पालथा घातला फोन. वाटलं, पुन्हा पैसे मागणार." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "निरोप ठेवला त्यानं. कुणाला ऐकवलेला नाही मी. डेप्युटीलाही नाही. रोज ऐकते."

"निटा, मला नको—"

"ऐक. तूच एक आहेस जिनं ऐकायला हवा."

तिनं फोन टेबलावर, भांड्यांच्या मध्ये ठेवला.

आधी नुसता वारा. मग त्याचा आवाज, जवळ. निटा, मी आहे, उचल ना गं. इथे एका बाईचं घर आहे. मग दारावर थापा. बाई, दार उघडता का?

मग लाकडापलीकडून, बारीक, माझा आवाज. माझ्याकडे पिस्तूल आहे.

वारा.

बरं, बरं. जातो.

मी श्वास सोडला. एवढंच होतं. पुढे त्याची बर्फातली पावलं असणार, आणि शेवट.

मग एक आवाज झाला. एकदाच, कोरडा. पलीकडून.

पावलं नव्हती.

"तू म्हणतेस, नव्हतं तुझ्याकडे काही," निटा हळू म्हणाली. ती फोनकडे बघत होती. "हा जो धाडकन आवाज झाला ना, तो मला रोज वाटतो, दार लागल्याचा आहे. तू उघडलंस, त्याला बघितलंस आणि पुन्हा लावलंस. निदान उघडलंस तरी. त्यावरच झोपते मी."

दार मी उघडलंच नव्हतं. ते मी तिला सांगू शकले असते. त्यासाठीच आले होते.

"हो," मी म्हटलं. "उघडलं होतं. जरासं."

तिनं मान हलवली आणि डोळे पुसले. निरोप अजून चालूच होता. तिला पुढचं ऐकू येत नसावं, किंवा रोज ऐकून ते तिला जाणवत नसावं. मला ऐकू आलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर काहीतरी छोटं, पितळेचं पडलं, गडगडत टेबलाच्या पायापर्यंत गेलं आणि थांबलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी, घाई न करता, टीव्हीचा आवाज वाढवला.