ठणठणीत घोटा

ऑगस्टातल्या त्या सकाळी तो चुकून तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. निदान 'चुकून' असं तो म्हणाला.

"रांग संपली," टेसा म्हणाली. खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधून तिची बोटं चिकट झाली होती आणि पोटात कावळे ओरडत होते.

"तुमची संपली. आमची आत्ता कुठे सुरू होतेय."

म्हणजे हा वॉक-ऑन. टेसाने उसासा टाकला. नेब्रास्कातल्या त्या छोट्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात दोन पंगती असत. पहिली शिष्यवृत्तीवाल्यांची, त्यांना आवतण देऊन आणलेलं असे. दुसरी वॉक-ऑनची, ही पोरं आपल्या पायांनी येत, आपली फी आपण भरत, आणि आठवडाभर सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची सोंगं घेत, म्हणजे पहिल्या पंगतीला त्यांना आडवं पाडायची सवय व्हावी. शनिवारी सामन्याला स्वच्छ जर्सी घालून मैदानाबाहेर उभं राहायचं आणि ती स्वच्छच परत न्यायची. पट्ट्यासुद्धा त्यांना शेवटी.

"कोणता घोटा?" टेसाने विचारलं.

"तुला कोणता आवडेल?"

"मला जेवायला जायला आवडेल. कोणता?"

"उजवा..." तो टेबलावर चढून बसला. "जुनी मुरगळ आहे."

टेसा तिसऱ्या वर्षाला होती, खेळातल्या दुखापतींचंच शिकत होती. तिने घोटा हातात घेतला, हाडाभोवती अंगठा फिरवला, पाऊल आत-बाहेर वळवून पाहिलं. मुरगळ कसली! घोटा बैलाच्या खुरासारखा ठणठणीत होता. तिने मान वर केली. तो छताकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"काळजी घ्यायला हवी," ती गंभीरपणे म्हणाली आणि पट्टी बांधू लागली.

डेन स्वोबोडा त्याचं नाव. शेवटच्या वर्षाला. त्याच्या गावात शाळेच्या संघाला अकरा पोरंही जमत नसत, म्हणून तिथे आठ-आठ जणांचा खेळ. त्या आठांत हा हिरो, आणि इथे चार वर्षांत एक क्षणही मैदानावर नाही. हे सगळं टेसाला त्या घोट्यानेच सांगितलं म्हणा ना, कारण पुढे रोज तो ठणठणीत घोटा रांगेच्या शेवटी हजर होऊ लागला. पट्टी बांधून झाली की ती पेनाने तिच्या टोकावर मक्याचं कणीस काढायची.

"हे काय, ढेकूण?"

"कणीस आहे!"

"पाय आहेत की त्याला."

"ती पानं आहेत. उतर खाली."

ऑक्टोबरअखेर एका संध्याकाळी तो धावत आला तो पट्टीसाठी नव्हे. कोचनी त्याला सांगितलं होतं, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात, सामना सुरू करणाऱ्या पहिल्या किकला चेंडूमागे तू धावायचंस. ही बातमी त्याने आईच्याही आधी टेसाला सांगितली. "मी, टेसा! मी धावणार. आई घाबरून डोळे मिटून घेईल बघ..." आणि टेसाला वाटलं, हा आता आपला हात धरणार. धरला नाही. पण धरणार होता, एवढं नक्की.

आणि मग, सामना दहा दिवसांवर आला असताना, डेन शेल्बीच्या टेबलावर जाऊन बसला.

शेल्बी शेजारच्या टेबलाची मुलगी. केसांचा उंच शेपटा, खळखळून हसणं, आणि प्रत्येक पट्टीवर लालभडक बदाम. टेसाचं टेबल रिकामं होतं. तिच्या समोरून तो गेला, तिच्याकडे न बघता गेला.

टेसाच्या अंगाचा तिळपापड झाला. दुखरा पाय घेऊन कोणी टेबल बदललं असतं तर एक वेळ समजू शकत होतं. पण ज्याचा पाय दुखतच नाही तो कशासाठी येतो, हे टेसाइतकं कोणाला ठाऊक होतं? कशासाठी तिच्याकडे येत होता... आणि आता त्याचसाठी तिकडे जात होता!

"तुझा स्वोबोडा हल्ली माझ्याकडे येतो हं," शेल्बी निरागसपणे म्हणाली.

"माझा कुठला? विद्यापीठाचा आहे."

"हल्ली दोन्ही घोटे बांधून घेतो. किती गोड आहे ना तो?"

"मला गोड चालत नाही," टेसा म्हणाली आणि तिच्या हातातली पट्टी टर्रकन वाकडी फाटली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला दारातच गाठलं. "टेबल बदललंस?"

"तुझ्याकडे गर्दी असते, म्हणून..."

"गर्दी? काल मी माशा मारत होते."

"नोव्हेंबरात माशा नसतात," तो म्हणाला, कसनुसं हसला आणि सटकला. त्या हसण्यावर टेसा रात्रभर जळत राहिली. शेल्बीचे बदाम, शेल्बीचा शेपटा, शेल्बीचं ते 'गोड'! मेली सगळ्यांशी अशीच वागते, हे माहीत असूनही तिला क्षमा करवेना.

सरावाला बर्फाळ पावसाची भुरभुर होती. टेसा पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेला उभी होती आणि डोळे डेनला चिकटले होते. शेल्बीकडे बघून हसतो का? बघ, आता हसेल... तो हसला नाही. तो डाव्या पायावर वळायचं टाळत होता. टेसाने बाटल्या खाली ठेवल्या. तो पायरी चढला, उजवा पाय आधी. उतरला, डावा पाय आधी, तोही आखडून. मग कोणी बघत नाही असं पाहून त्याने भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटले. प्रेमाच्या नजरेने इतके दिवस तिला त्याचं हसू तेवढं दिसत होतं. मत्सराच्या नजरेने पाय दिसला.

सराव संपल्यावर बर्फाच्या यंत्राजवळ तिने त्याला अडवलं.

"डावा पाय दे."

"शेल्बीने बांधलाय."

"काय झालंय ते तिला सांगितलंस?"

"बांध म्हणालो, बांधलं. ती खोदून विचारत नाही. बदाम काढते आणि सोडते."

"आणि मी?"

डेन खाली बघत म्हणाला, "तू हात लावलास की तुला कळलं असतं... सरावात मुरगळला. वाईट मुरगळलाय. तुला कळलं असतं आणि तू मला खेळू दिलं नसतंस."

एवढा राग आलेला असताना एवढा आनंद व्हावा, याची टेसाला लाज वाटली. "म्हणजे मी इतके दिवस उगाच..." तिने जीभ चावली.

"उगाच काय?"

"काही नाही."

"टेसा... तू जळत होतीस?"

"बर्फ घे आणि तोंडात घाल."

तो हसला आणि लगेच विझला. "कोणाला सांगू नकोस. एकच किक. एकदा धावू दे, मग हा पाय तुझा."

"आणि मोडला तर?"

"मोडू दे. चार वर्षं, टेसा. चार वर्षं मी दुसऱ्यांची सोंगं केली. एकदा मला मी म्हणून धावायचंय."

तिचे डोळे भरून आले. खरं तर तिने तिथूनच मुख्य उपचारक रूडाबाईंकडे जायला हवं होतं. पण आपण आत्ता गेलो तर ते त्याच्या पायासाठी असेल की शेल्बीच्या बदामांचा सूड असेल, हे तिचं तिलाच खात्रीने सांगता येईना.

"शुक्रवारी तू माझ्या टेबलावर येशील," ती म्हणाली. "आपल्या पायांनी. नाही आलास तर मी सांगेन. मग जन्मभर शिव्या दे मला."

शुक्रवारी रांग सरकत राहिली. शिष्यवृत्तीवाले झाले, वॉक-ऑन झाले. शेल्बीचं टेबल रिकामं होतं. डेन दारात उभा राहून त्या टेबलाकडे बघत राहिला, बघतच राहिला... आणि मग लंगडणं न लपवता, सगळ्यांसमोर टेसाकडे आला. डावा पाय टेबलावर ठेवला.

"कोणता घोटा?" तिने विचारलं.

"खरा," तो म्हणाला.

तिने बोट टेकवलं आणि त्याचा जबडा आवळला. रूडाबाई आल्या, पाय बघितला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, उद्या नाही." त्याने नुसती मान हलवली. रडली ती शेल्बी. "मला का नाही रे सांगितलंस?" आणि टेसाला पहिल्यांदाच तिची दया आली.

ती दया शनिवारपर्यंतच टिकली. सामन्याआधी शेवटच्या वर्षाची मुलं आई-वडिलांना घेऊन मैदानात चालत जातात. डेन जर्सी घालून मैदानात जायच्या बोगद्याच्या तोंडाशी उभा होता, डाव्या पायात दुखापतीचा जाडजूड बूट, आणि शेल्बी त्याच्या छातीशी वाकून कुबडीची उंची जुळवत होती.

"मी बघते," टेसा म्हणाली आणि कुबडी तिच्या हातून काढून घेतली.

वडिलांसोबत उभ्या असलेल्या डेनच्या आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "हीच का रे ती ढेकूणवाली? धुण्यात पट्ट्या सापडतात त्या हिच्याच ना?"

"कणीस आहे ते!" दोघं एकदम ओरडले.

"असेल बाई. कुबडी दे ह्यांच्याकडे. ही बाजू मी धरते, ती बाजू तू धर."

त्याचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या. टेसाच्या खांद्यावर त्याचं अर्धं वजन होतं आणि तिला ते मुळीच जड वाटलं नाही.

पहिल्या किकला दुसराच वॉक-ऑन धावला. डेन बघत होता, आणि टेसा त्याच्या डोळ्यांत बघत होती. असं त्याने शेल्बीकडे कधी पाहिलं नव्हतं. तिच्याकडेही नाही. तिची खरी सवत ही होती, हे हिरवं मैदान. हिच्यापुढे कसला शेपटा आणि कसले बदाम!

"माझ्यामुळे गेलं ना हे?" तिने हळूच विचारलं.

"हो," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "थोडे दिवस राग येईल मला."

"येऊ दे."

त्याने तिचा हात धरला. राग होता, तरी धरला.

सामना संपला, माणसं पांगली, थंडी वाढली. डेन बाकावर बसून होता. त्याने उजव्या पायातला बूट काढला आणि पाय पुढे केला. "हा दुखतोय."

"हा?"

"नाही दुखत... कधीच दुखला नाही. कधी मुरगळलाही नव्हता. ऑगस्टपासून रोज खोटं बोललो."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग रोज बांधत का होतीस?"

टेसाने खिशातून पट्टीचं उरलेलं रीळ काढलं, गार जमिनीवर बसली, तो ठणठणीत घोटा मांडीवर घेतला आणि मोडका असावा इतक्या काळजीने बांधला. मग पेनाचं टोपण दातांनी उघडलं.

"आज तरी बदाम काढ," तो हळूच म्हणाला.

"बदाम ती सगळ्यांना काढते," टेसा म्हणाली. "पाय हलवू नकोस." आणि तिने कणीस काढलं.