माल-सुनच्या हातची चिली

चांगली चिली या गावात कुठं मिळते, असं विचारलंत ना मघाशी? बसा. शेगडीजवळ सरका, बाहेर गारठा आहे. इथं कोरियात, या गुन्सानमध्ये, चिली म्हणून जे विकतात ते खाल्लंच असेल तुम्ही. वरून चीज, आत मक्याचे दाणे, साखर, आणि भरीला राजमा. चिली म्हणजे नुसतं गाईचं मांस आणि लाल मिरची. राजमा घातला की ती चिली राहत नाही, उसळ होते. आपल्या टेक्सासात कुणी असलं पुढ्यात ठेवलं तर लोक त्याच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. तुम्हाला इथं येऊन दोन महिने झाले आणि जीव कासावीस झाला. माझं निम्मं आयुष्य इथं गेलं, तरी माझाही होतो.

चांगली चिली या गावात एकाच घरात व्हायची. रॉयस टॅकेटच्या. अमेरिकन लष्करी तळाच्या मागच्या रस्त्यावर, कोबीच्या शेतांच्या कडेला जे निळ्या छपराचं घर आहे ना, ते. आता तिकडं जाऊ नका. का, ते सांगतो. मला हे रॉयसनं स्वतः सांगितलंय, इथं याच बाकावर बसून, आणि तो गोष्टी रचणाऱ्यांतला नाही. तेवढं डोकंच नाही त्याला.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. सकाळी रॉयस बाजारात गेला होता. त्याच्या बायकोचं, माल-सुनचं, त्या रात्री वर्षश्राद्ध होतं. लेक यन-ही सोलहून आली होती आणि तिनंच त्याला पिटाळलं होतं. नासपती आणा, सुका मासा आणा, सोयाबीनचे मोड आणा, सुकी बोरं आणा. तो नासपती दाबून दाबून बघत होता, तेवढ्यात तिचा फोन आला.

"बाबा, डाग नसलेल्याच घ्या. आणि तिखट काही आणू नका."

"हो गं. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेयस."

"तुम्हाला तिसऱ्यांदाच सांगावं लागतं. लाल मिरची आज घरातसुद्धा नकोय. पुडीचा डबा मी शेजारच्या काकूंकडे ठेवून आलेय. मिरची असली की गेलेलं माणूस उंबरा ओलांडत नाही. आई वर्षातून एकदा जेवायला येणार. तिला दारातून उपाशी परत पाठवायचंय का?"

"बरं बाई," रॉयस म्हणाला. फोन खिशात टाकला आणि समोरच्या म्हातारीकडून उन्हात वाळवलेल्या लाल मिरच्यांची जुडी घेतली. मग खाटकाकडं गेला आणि गाईच्या मानेचं मांस घेतलं, चौकोनी तुकडे करून.

आता हा माणूस एवढा येडा का, ते कळायला मागचं थोडं ऐकावं लागेल.

माल-सुन इथलीच, कोरियन. तिला लग्नाआधी चिली हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. रॉयसच्या आईला फोन करून करून ती शिकली. टेक्साससारख्या मिरच्या इथं मिळेनात, म्हणून इथल्याच मिरच्या भाजून, भिजवून, वाटून, काय काय करून तिनं तो रंग आणि तो वास आणला. दर शनिवारी पातेलं चढवायची. आम्ही चार-पाच जण हजर असायचोच, फुकटचं कोण सोडतं? रॉयस पहिला घास घ्यायचा. ती चुलीपाशी उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत असायची. विचारायची, "कशी झालीय?" हा चमचा खाली ठेवायचा, आमच्याकडं बघून डोळा मारायचा, आणि म्हणायचा, "नाही जमलं." आम्ही हसायचो. मग हाच गडी तीन वाडगे चाटूनपुसून खायचा. तिनं कधी आमच्याबरोबर बसून खाल्लं नाही. कुणी बस म्हटलंच नाही.

एकदा बसल्या बसल्या मी म्हणालो होतो, "लेका, एकदा चांगली म्हण की. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"म्हटलं की डोक्यावर बसेल," रॉयस म्हणाला. ती तिथंच भांडी घासत होती. तिला इंग्रजी चांगलं कळायचं.

पुढं तिच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात शेवटी शेवटी तिला पाणीसुद्धा उतरत नव्हतं. एका संध्याकाळी तिनं याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "अहो, शेवटची केली होती ती कशी झाली होती?" आणि या गाढवानं, सवयीनं, थट्टा म्हणून, सांगितलं, "मीठ कमी होतं." तिनं मान भिंतीकडं वळवली. पहाटे गेली.

तेव्हापासून हा माणूस चिली शोधत फिरायला लागला. तळावरचे डबे झाले, सोलमधली महागडी हॉटेलं झाली, बुसानला कुणी टेक्सासचा आचारी आलाय म्हणून आगगाडीनं तिथवर जाऊन आला. सगळीकडं दोन घास खाऊन उठायचा. घरी करायला गेला तर करपवायचा. मला म्हणायचा, "हॉलिस, चांगली होती रे ती. पहिल्या शनिवारपासून चांगली होती. मला तिला एवढं एकच सांगायचंय." मी म्हणालो, "मग त्या वर्षश्राद्धाच्या रात्री सांग. तुझी लेक म्हणते ना ती येते."

ते त्यानं डोक्यात घेतलं. नुसतं तोंडानं सांगून तिला पटायचं नाही म्हणाला, पानात चिली वाढून सांगतो. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. घरात माणूस गेलं की शेजारी चिलीचं पातेलं घेऊन दारात येतात. चिलीच्या वासानं माणूस घरी येतो, असंच आपण लहानपणापासून धरून चाललोय. त्याच वासानं कुणी दारातून मागं फिरेल, हे टेक्सासच्या माणसाच्या टाळक्यात शिरतच नाही. पोरगी तीन तीनदा सांगतेय, इतकी वर्षं या देशात काढलीत, तरी नाही.

दुपारी त्यानं ती माझ्या शेगडीवर शिजवली. मी चाखली. कडू, चिवट, मिरचीचं साल दाताखाली येत होतं. कुत्र्यानं तोंड लावलं नसतं. तसं तोंडावर सांगितलं मी त्याला. त्यानं पातेलं चादरीत गुंडाळलं, गाडीत ठेवलं आणि गेला. घरी लेकीची पाठ वळल्यावर सिंकखालच्या कप्प्यात लपवलं.

रात्री अकरा वाजता यन-हीनं पान मांडलं. बुटकं टेबल, त्यावर आईचा फोटो, भात, मिरचीशिवायचं सूप, मासा, नासपती. दोघांनी वाकून नमस्कार केला. तिनं चमचा भातात उभा खोवला. पुढचं दार वीतभर उघडं ठेवलं. मग दिवे मालवले. पाहुणा जेवत असताना घरच्यांनी बघायचं नसतं, दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं असतं. ती आत गेली. म्हणाली, "चला बाबा."

"पाय आखडलेत. हळूहळू येतो."

तिनं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. यानं पातेलं काढलं. एक वाडगा भरून भाताशेजारी ठेवला, पातेलं टेबलाखाली सरकवलं, आणि अंधारात भिंतीला टेकून बसला.

बराच वेळ काही नाही. शेतापलीकडं एक ट्रक गेला.

मग फाटक वाजलं.

अंगणात पावलं आली. चप्पल जरा घासत चालायची माल-सुन, डाव्या पायाची. तसंच. रॉयसच्या डोळ्यांना पाणी आलं, असं तो म्हणाला. आलं असेल. पावलं पायरीपर्यंत आली… आणि थांबली. दार वीतभर उघडंच होतं. आत कुणी आलं नाही.

आतून यन-ही हळूच म्हणाली, "बाबा… आई आलीय का?"



पावलं घराला वळसा घालून निघाली. न्हाणीघराच्या बाजूनं. मागच्या दाराशी. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. थोडा वेळ तिथं. मग परत पायरीपाशी.

"बाबा, ती आत का येत नाहीये?"

तेव्हा त्याला समजलं. तो काही अगदीच दगड नाही. पातेलं उचलायचं, मागच्या दारानं न्यायचं, शेतात ओतायचं, एवढंच काम होतं. त्यानं टेबलाखाली हात घातला. पातेलं गार झालेलं असायला हवं होतं. ते कढत होतं. आणि वास आला.

दुपारचा वास नव्हे. शनिवारचा.

त्यानं बोट बुडवून चाटलं. तीच होती. मांस जिभेवर विरघळत होतं, मिरची आधी गोड लागून मग घशात उतरत होती. वर्षभर गावोगाव शोधली ती, नेमकी तीच. तो म्हणाला, हॉलिस, मी रडत होतो. आणि रडत रडत त्यानं काय केलं? भातातला चमचा उपसला. तिच्या भातातला.

हा एक घास. मग नेतो बाहेर.

बाहेर चप्पल घासली.

अजून एक.

"अहो…" दाराच्या फटीतून आवाज आला. बारीक. थंडीनं दात वाजत असल्यावर येतो तसा.

त्यानं पातेलं मांडीवर ओढलं.

"अहो… मला आत…"

थांबेल की, त्याच्या मनात आलं. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, मान खाली घालून. थांबेल की, इतकी वर्षं थांबलीय. एवढं संपवतो. मग नेतो. मग सांगतो तिला.

तो खात राहिला. दोन्ही हातांनी. आतल्या खोलीत पोरगी रडायला लागली होती.

मग बाहेरचं सगळं शांत झालं. आणि अगदी दाराला तोंड लावून, नेहमीच्या आवाजात, तिनं विचारलं…

"कशी झालीय?"

त्याच्या तोंडात घास होता. मोठा. त्याला थुंकता आला असता. त्यानं तो चावला. नीट चावला. गिळला. बोटं चाटली. मग म्हणाला, "चांगली झालीय."

फटीतून नुसता गारठा येत होता.

"माल-सुन, चांगली झालीय गं. आधीपासूनच…"

काहीच नाही. कुत्रंसुद्धा नाही.

आतलं दार उघडलं. यन-हीनं दिवा लावला. बाप भिंतीला टेकून बसलेला. हनुवटीपर्यंत लाल. मांडीवर रिकामं पातेलं, हातात आईचा चमचा. पोरगी मोठ्यानं बोलली नाही. आईवर गेलीय ती.

"तुम्ही आईला बाहेर उभं करून जेवलात?"

"यन-ही, मी तिला सांगितलं. चांगली झाली म्हणून सांगितलं मी."

"ऐकायला होती का ती?"

तिनं पानातलं सगळं अन्न गोळा केलं, आईचा फोटो छातीशी धरला आणि बॅग भरली. उजाडेपर्यंत टॅक्सीची वाट बघत ती स्वयंपाकघरात उभी राहिली. निघताना मागच्या दारानं गेली. पुढच्या दाराकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. त्याला म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून मी आईला माझ्या घरी बोलवीन. ती आली तर." परत तिनं त्याला फोन केलेला नाही.

सकाळी रॉयसनं पुढचं दार उघडलं. रात्री दव गोठलं होतं. फाटक पांढरं, अंगण पांढरं, पायरी पांढरी. पायरीच्या मधोमध मात्र दोन पावलांएवढी जागा कोरडी होती. छोटी पावलं, बाईची. बोटं दाराकडं.

तो तिथं बसून राहिला. ऊन आलं, दव वितळलं, सगळी पायरी ओली झाली. ती दोन पावलं कोरडीच. दुपारी त्यानं बादलीभर पाणी आणून पायरीवर ओतलं. पाणी वरून खाली आलं, पावलांपाशी आल्यावर दोन बाजूंनी फुटलं, आणि तिथं कुणी उभं असावं तसं वळसा घालून खाली गेलं.