ऋषिकेशच्या हातचा चारा

पुढे लिहिले आहे ते घडलेले आहे. घडताना मी तेथे उभा होतो, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. दुपार कलली होती. स्थळ, इंझोरीच्या बाजूचा जलाशय.

माझा पुतण्या ऋषिकेश तेथे गळाने मासे धरू इच्छिणाऱ्या पाहुण्यांचा वाटाड्या आहे. त्याच्या पाटीवर ‘फिशिंग गाइड’ असे लिहिले आहे. नागपूर-पुण्याहून मंडळी येतात. तो त्यांना जागा दाखवतो, गळ बांधून देतो, आणि लागलेला मासा फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडायला लावतो.

पौरोहित्य करणाऱ्या घरातला मुलगा! गाव हसले. प्रारंभी पाहुणेही रिकाम्या हाताने परतले.

मग त्याने जागा बदलली... आणि एकही पाहुणा रिता परतेना.

ते वैभव दाखवायला त्याने मला हौसेने बोलावले होते. त्याची नाव वल्हवणारा, तांड्यावरचा हेमसिंग मला पाहून हसला.

“या महाराज! तुमचा पुतण्या तं मासोळ्यायचा जावई झाला. हा दिसला का त्या धावत येतेत!”

“मले पाहून नाही येत, चाऱ्याले येतेत,” ऋषिकेश म्हणाला. “रोज एकाच जाग्यावर, एकाच टायमाले चारा टाका लागते, काका. वर्ष झालं, एक दिवस चुकलो नाही.”

आम्ही नावेतून त्या जागी गेलो. त्याने डबा उघडला.

मी वाकून आत पाहिले.

शिजलेल्या भाताचे गोळे. त्यांत काळे तीळ. वर मध आणि तूप.

“हे तुला कोणी शिकवले?”

“कोणी नाही. तिळाच्या वासावर रोहू येते. तुपानं गोळा पाण्यात लवकर फुटत नाही.”

“आणि ही जागा?”

“धरणात जुनं गाव बुडालं ना महाराज,” हेमसिंग म्हणाला. “ह्याच्या खाली त्यायचा मसनवटा होता. खोल हाये, मासा बसते.”

ऋषिकेश दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला. वारा पाठीवर असला की फेक लांब जाते, म्हणाला. गोळा त्याने अंगठ्याच्या बाजूने सोडला. तसा सोडला की तो अखंड राहतो, म्हणाला.

अपराह्ण. दक्षिण दिशा. अंगठ्याकडून सुटणारा, तीळ घातलेला भाताचा गोळा.

माझ्या पुतण्याने न जाणता वर्षभर रोज पिंडदान केले होते. नाव न घेता. गोत्र न घेता.

गोळा पाण्याशी पोहोचला...

आवाज आला नाही.

तरंग उठला नाही.

जणू कोणी तो वरच्या वर ओंजळीत घेतला.

दुसरा टाकला. तिसरा टाकला. तेच.

“थांब!” मी ओरडलो.

“काहून, काका?”

मी सांगितले. तो पांढरा पडला. हेमसिंगने वल्हे पाण्याबाहेर काढून मांडीवर घेतले.

मी नावेची कड धरून त्या गार पाण्यात स्नान केले, जानवे अपसव्य, उजव्या खांद्यावर, केले आणि त्याच डब्यातला गोळा घेऊन, ज्यांचे नामगोत्र ठाऊक नाही अशा सर्वांना उद्देशून, मंत्रपूर्वक सोडला. ते तृप्त व्हावेत आणि मुलाला सोडावे, एवढेच मागितले.

डुबुक!

वर्तुळे काठापर्यंत आली.

माझ्या हातचे त्यांना नको होते.

त्या दिवसापासून ऋषिकेशने चारा टाकणे बंद केले. आणि त्याची पत्नी वैजयंती हिचा मला फोन आला.

“काका, हे सारखे जेवूनच राह्यले. कणीक सरली, भात सरला, अन् पोट पाठीले लागलं. खाल्लेलं जाते कुठं?”

मी गेलो. तो पाटावर बसून भाकरी खात होता आणि रडत होता.

“भूक जात नाही काका... एक घासबी पोटात पोचत नाही.”

वाशीमच्या डॉक्टरांना काही सापडले नाही. आम्ही त्याला जीपमध्ये घालून नागपूरला निघालो. शेलूबाजारला जीप थांबताच तो उतरला, आणि उलट पावली जलाशयाकडे चालू लागला. वैजयंतीने हात धरला. त्याने तो हळूच सोडवला.

दुसऱ्या दिवशी त्याने पाण्यावर गोळे सोडले. संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली आणि गाढ झोपला.

तेव्हापासून तो काठावरच पत्र्याची खोली करून राहतो.

मी घरातल्या सर्व पोथ्या काढल्या. जाणत्यांना विचारले. पिंड कसा द्यावा हे प्रत्येकाने सांगितले. देऊ लागल्यावर थांबावे कसे, हे मला कोठेही मिळाले नाही. मी आयुष्यभर इतरांच्या पितरांना वाट दाखवली; या मुलाला मी एक पाऊलही पुढे नेऊ शकलो नाही.

त्याचा व्यवसाय जोरात आहे. उन्हाळ्यापर्यंतचे दिवस आगाऊ ठरले आहेत. फोटोंत पाहुणे हसत असतात. कडेला तो उभा असतो, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा.

काल त्याचा फोन आला.

“जेवलास का रे?” मी विचारले.



“पहिले ते जेवतेत, काका,” तो म्हणाला. “उरलं तं मी...”

“उरते ना?”

“पंगत रोज मोठी होऊन राह्यली, काका.”

मी फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही.