पूजेतला पाना

सत्याऐंशीच्या खंडेनवमीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एकही यंत्र चालू नव्हतं. लेथला हार, ड्रिलला हार, शटर ओढून सगळे घरी. आमची सोसायटी वसाहतीच्या पाठीलाच. रोजच्या खडखडाटाची इतकी सवय, की त्या दिवशी शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा कानात घुसत होती. मी ड्रॉइंग ऑफिसमधला माणूस. जे मोजता येत नाही ते मानत नाही, आणि सुट्टी फुकट घालवत नाही.

खाली माझी गाडी उभी होती. कुवेतहून परतलेल्या शेजाऱ्याकडून घेतलेली, जुनी, परदेशी बनावटीची. नीलाला, माझ्या बायकोला, नववा महिना लागला म्हणून घेतली होती. पहिल्या खेपेला ऐन वेळी वाहन मिळालं नाही आणि मूल गेलं. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. या खेपेला वाहन दारात हवं, एवढाच माझा हट्ट होता. सकाळी सहज इंजिनाचं पुढचं झाकण उघडलं, तर आतला दातेरी रबरी पट्टा जागोजागी चिरलेला. हा पट्टा इंजिनातल्या खालच्या चाकाची गती वरच्या चाकाला देतो. तो वाटेत तुटला की गाडी तिथेच उभी, आणि इंजिनाची वाट लागते ती वेगळी. नवा पट्टा गाडीबरोबरच मिळाला होता. गॅरेजं बंद. म्हटलं, आपणच बदलू.

पाने मात्र वडिलांचे. अण्णा जन्मभर गिरणीत फिटर होते. सकाळीच त्यांनी सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू आणि झेंडू वाहिला होता. मी पाटाकडे वाकलो.

"आज तेंका हात लावू नको," अण्णा म्हणाले. "पूजेक बसली हत."

"संध्याकाळी परत ठेवतो."

"उठवलंस तर ती काम करतली. पण तुजा नाय."

"अण्णा, तुमच्या नातवंडासाठीच करतोय ना?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला संताप आला. चार फुलांपायी बायकोला पुन्हा रस्त्यात बसवायचं? मी झेंडू बाजूला सारून पाने उचलले. बोटांना कुंकू लागलं, ते पँटला पुसलं.

नीला पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, गाडीच्या बरोबर वर, सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी बॅटरीची तार सोडली, प्लग काढले. आता हाताने फिरवल्याशिवाय ते इंजिन हलणं शक्य नव्हतं. दोन्ही चाकांवर खुणा असतात. त्या जुळवायच्या, जुना पट्टा उतरवायचा, नवा चढवायचा. खालच्या चाकाच्या बोल्टला पाना लावून मी सावकाश फिरवलं.

"अहो," नीला वरून म्हणाली, "फिरलं बघा पोटात."

"लाथा मारतंय?"

"लाथ नाही हो. अख्खं फिरलं."

मी हसलो. खुणा जुळवल्या, नवा पट्टा चढवला. फडक्याला हात पुसून पाहतो, तर वरची खूण एका दात्याने पुढे गेलेली. अंदाज चुकला असेल म्हणून पट्टा सैल केला आणि पुन्हा पाना फिरवला. वर सूप खाली पडल्याचा आवाज झाला.

"आई गं. परत. असं कधी फिरत नाही हो."

मग मी तिला न सांगता पाना जरासा ढकलला आणि वर पाहिलं. तिने कठडा घट्ट धरला. मी थांबलो, तिचे हात सैल झाले. पुन्हा ढकलला. पुन्हा कठडा.

मी हात काढून घेतले. मला भीती वाटली, सरळ सांगतो.

पाना खाली पडला नाही. तो बोल्टला धरून फिरतच राहिला.

"थांबवा ना," नीला कळवळून म्हणाली. काय थांबवायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मी दोन्ही हातांनी पाना धरला. पलीकडून कोणीतरी रेटत होतं. माझी बोटं लोखंडावर चेमटली, कातडं सोललं, तरी रेटा कमी होईना. त्या रेट्यात राग होता, आणि तो माझ्यावर होता.

पट्टा अजून सैल होता. तो ताणला की वरच्या चाकामागच्या स्प्रिंगा सगळं इंजिन धरून ठेवतात, एवढं मला माहीत होतं. छातीने पाना अडवून मी पट्टा ताणणारा नट आवळला. पार शेवटपर्यंत.

पाना थांबला.

"आता?" मी वर विचारलं.

"गप्प झालं. बरं वाटतंय."

मी तिथेच खाली बसलो. दोन्ही खुणा समोरासमोर होत्या, केसाचाही फरक नाही. काम चोख झालं होतं. नीला सांडलेले तांदूळ गोळा करू लागली.

मग तिचा हात थांबला.

"अहो."

"काय गं?"

"हलतच नाहीये."

मी नट सोडवायला धावलो. आधारासाठी डावा हात पट्ट्यावर ठेवला. रबर कोमट होतं. पट्टा जागचा हलत नव्हता, पण त्याच्या आतून बोटांना ठोके लागत होते. बारीक, भरभर.

पट्टा सैल केला आणि ते ठोकेच तुटले तर? मी नट सोडवू धजलो नाही. वर नीला अण्णांना हाका मारत होती. बोटांखालचे ठोके हळू होत चालले होते.