न हलण्याचा सराव

सरावाच्या यंत्रातून दोन पाय बाहेर आले होते. चांगले मोठ्या माणसाचे, आणि सारखे हलणारे.

मॅरेन दारातच थबकली. हे यंत्र म्हणजे नुसता लाकडी बोगदा, आत गादी आणि एक स्पीकर. मुलांच्या मेंदूचे एमआरआय फोटो काढण्याआधी त्यांना इथे निजवून न हलण्याचा सराव द्यायचा, हे तिचं काम.

"अहो... वाट चुकलात का?"

"आवाज तपासतोय," बोगद्यातून उत्तर आलं. "तुमचा स्पीकर फारच सौम्य आहे हो. मुलं इथे शांत पडतात आणि खऱ्या यंत्रात दचकतात, बरोबर?"

नेमकं हेच तिला महिनाभर छळत होतं!

बाहेर आला तो कॅसिमिर, मॅडिसन शहरातल्या नाटकांना ध्वनी देणारा, मॅरेनच्या संशोधन संस्थेने थोड्या दिवसांसाठी बोलावलेला. "कॅझ म्हणा. पूर्ण नाव फक्त आई घेते, तेही चिडली की."

त्याने खऱ्या यंत्राचे सगळे कर्कश ठोके टिपून स्पीकरवर आणले. काम करताना त्याचे प्रश्न संपत नसत, आणि मॅरेनला उत्तरं द्यायला आवडू लागलं. 'अहो' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"मेंदूचा पुढचा भाग सगळ्यात शेवटी पिकतो," ती म्हणाली. "आवरणं, थांबणं, विचार करणं... सगळं तिथलं. पंचविशी उलटेपर्यंत काम चालूच असतं. तुझं वय?"

"एकतीस."

"मग आता आशा नाही."

तो खळखळून हसला. मग टेबलावर ठेका धरत त्याने विचारलं, "हललेले फोटो टाकून देता ना? कुणाचे असतात ते?"

"बहुतेक चुळबुळ्या मुलांचे. घाबरट मुलांचेही."

"म्हणजे ज्यांना समजून घ्यायचं, तीच बाहेर?" ठेका थांबला. "मॅरेन, शाळेत माझं बाक भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. माझाही फोटो तुम्ही टाकूनच दिला असता."

तिने त्याला सगळं सांगून टाकलं. अशा मुलांना संशोधनातून वगळायचं, असं तिच्या प्रमुख डॉक्टर रेनर जवळजवळ ठरवूनच बसल्या होत्या. मॅरेन भांडली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आधी एखाद्या चुळबुळ्या मोठ्या माणसावर तुझा नवा सराव करून दाखव. जमलं तर मुलांवर करून बघू."

"सापडला की माणूस!" कॅझ म्हणाला.

सराव साधाच होता. 'हलू नकोस' म्हणायचंच नाही. ठोके ऐकायचे आणि पुढचा कोणता येईल, ते मनात ओळखायचं.

गुरुवारी तो खऱ्या यंत्रात शिरला. काचेपलीकडे मॅरेन माईकपाशी, शेजारी डॉक्टर रेनर.

"मॅरेन... एक विचारू?" स्पीकरमधून आवाज आला. "उद्या माझ्याबरोबर तळ्याकाठी तळलेले मासे खायला येशील?"

डॉक्टर रेनरनी लगबगीने चष्मा पुसायला घेतला.

"हे आत्ता विचारायचं?"

"मध्ये काच असली की धीर येतो."

हो म्हणावं तर हा उडेल. नाही म्हणावं तर... नाही तर म्हणायचंच नव्हतं! "उत्तर फोटो झाल्यावर."

"छळ आहे हा!"

"प्रयोग आहे. डोकं सरळ."

ठोके सुरू झाले. पडद्यावरची हालचालीची रेघ ती श्वास रोखून बघत होती. एक बारीकशी उसळी... मग रेघ सपाट. सपाटच. आतला चुळबुळ्या माणूस स्थिर होता, आणि बाहेर मॅरेनचा पाय काही केल्या थांबत नव्हता.

यंत्र थांबलं. मेंदूची घडी न् घडी स्वच्छ उमटली होती.

"पुढच्या आठवड्यापासून मुलांना बोलव," डॉक्टर रेनर म्हणाल्या. "आणि त्याला उत्तर दे बाई, वाट बघतोय बिचारा."

मॅरेनने माईककडे हात नेला... आणि मागे घेतला. आत धातू चालत नाही. तिने कानातले काढले, केसांचा चाप काढला, घड्याळ ठेवलं, आणि मोकळे केस सावरत आत गेली.

कॅझ अजून तसाच पडून होता. "जमलं?"

"जमलं. मुलं राहणार."

"आणि... मासे?"

ती वाकली. तिचे केस त्याच्या गालावर आले. "हो," ती हळूच म्हणाली. "हल की आता!"

"नको," डोळे मिटून कॅझ म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदाच हलावंसं वाटत नाहीये."