गाडी थांबल्यावर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यात आमच्या गाडीचे ब्रेक थरथरायला लागले. माझा नवरा भरत चाकणला कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे गाडी माझ्याकडे असते. रोज सकाळी पिंपळवंडीहून आळेफाट्याला जायचं. आधी वैजूला, म्हणजे आमच्या साडेतीन वर्षांच्या वैजयंतीला, बालवाडीत सोडायचं, मग मी माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये.

साठच्या पुढे वेग असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथडायचं. गाडी मंदावली की थडथड मंदावायची आणि गाडी थांबली की थांबायची. मी लॅबमधल्या सवयीने वहीत नोंदी केल्या. वेग, चढ की उतार, इंजिन गार की गरम. मागच्या सीटवर मूल बसलेलं असताना ब्रेक नीट लागत नाहीत, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नव्हती.

फाट्यावरच्या गॅरेजवाल्या गेणभाऊंनी पुढचं चाक उतरवलं. चाकामागच्या लोखंडी डिस्कला घड्याळासारखं काट्याचं मापयंत्र टेकवलं आणि डिस्क हाताने हळूहळू फिरवली. काटा पुढे-मागे डोलत होता.

"वाकडी झाली ताई. रोज आंघोळ घालता का काय गाडीला?"

"म्हणजे?"

"तापल्या डिस्कवर गार पाणी पडलंय. एकदा न्हाई, लई वेळा."

मला लगेच कळलं. गाडी अंगणाच्या फाटकाशी आली की सासूबाई तांब्या घेऊन उभ्या असायच्या आणि पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घालायच्या. त्यांच्या माहेरी, बेल्ह्याला, बाजारातून आणलेल्या जनावराच्या खुरांवर पाणी घातल्याशिवाय त्याला आत घेत नाहीत. सोबत गेलेल्या माणसांच्या पायांवरही घालतात. घरी बैल होते तोवर बैलांना, बैल गेल्यावर ट्रॅक्टरला, आणि आता गाडीला.

भरत हसला. "आई, तुझ्या तांब्यानं डिस्क गेल्या बघ. दोन्ही!"

"गेल्या तर गेल्या," कुशाबाई म्हणाल्या. सासूबाईंना गावात सगळे नावानेच ओळखतात. "वाटंचं वाटंवर ऱ्हायला पायजे. लोखंड काय, नवं मिळतं."

"पण ब्रेक लागले नाहीत तर वैजूचं काय होईल, आई?" मी विचारलं. त्या दिवसापासून त्यांनी चाकांवर पाणी घातलं नाही.

नवीन डिस्क, नवीन पॅड बसवले. थरथर पूर्ण गेली. नोंदींच्या वहीत मी सलग दहा दिवस 'नाही' असं लिहिलं.

डिसेंबरात भरतने सुट्टी काढली आणि आम्ही बेल्ह्याच्या बाजारात गाय घ्यायला गेलो. वैजू दिवसभर बापाच्या खांद्यावर होती. धूळ, शेणाचा वास, टेम्पोंचे हॉर्न, दलालांचा आरडाओरडा. परतताना ती गाडीत झोपली. पाठोपाठ गाईचा टेम्पो आला. कुशाबाईंनी फाटकात गाईच्या चारही खुरांवर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं, भरतच्या आणि माझ्या पायांवरही पाणी घातलं. मग तांब्या घेऊन त्या वैजूकडे वळल्या.

"झोपलीय ती," मी म्हणाले.

"दोन थेंब घालते. बाजारातनं आलीया."

"खोकला आत्ता कुठे गेलाय, आई. हवा बघा किती गार आहे. नको."

"प्राची, ऐक माजं. पोरीला तसंच आत नेऊ नगं."

मी वैजूला शालीत गुंडाळलं आणि आत नेलं. मागच्या थंडीत तिला तीन दिवस वाफ द्यावी लागली होती, ते माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीच्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग थडथडलं.

वेग चाळीसही नव्हता.

वैजूला सोडून मी लॅबकडे निघाले, मुद्दाम साठचा वेग घेतला, ब्रेक दाबला. काहीच नाही. दुपारी तिला घेऊन परतताना पुन्हा थडथड. चार दिवस मी नोंदी केल्या. पाचव्या दिवशी वही गेणभाऊंना दिली, पण त्यातला एक रकाना मी लिहिलाच नव्हता. तो लिहायचा धीर होत नव्हता.

त्यांनी चाक उतरवलं, मापयंत्र लावलं, डिस्क फिरवली. काटा जागचा हलला नाही. दुसरं चाक, मग मागची दोन्ही. नट पुन्हा मोजून आवळले. एकटेच गाडी घेऊन ओतूरच्या दिशेने गेले आणि परत आले.

"लोण्यासारखी चालतीय, ताई."

"मुलगी गाडीत असेल तेव्हाच होतं," मी म्हणाले. मोठ्याने म्हटल्यावर ते फारच वेडगळ वाटलं.

त्यांनी मात्र थट्टा केली नाही. "वजनानं बी फरक पडतो. घ्या तिला. मी बसतो बाजूला."

वैजूला बालवाडीतून घेतलं. ती मागे बसून बिस्किट खात होती. मोकळ्या रस्त्यावर मी पन्नासचा वेग घेतला आणि गेणभाऊंनी खूण करताच ब्रेक दाबला.

थड थड थड थड. थोडा खंड. थड थड थड थड.

"दाबून ठेवा," ते म्हणाले. त्यांनी हात पुढे करून स्टिअरिंगवर तळवा टेकवला. "हे चाकाचं न्हाई. चाकाचं असलं तर गाडीसंगं हळू व्हतं. हे बघा, हाय तसंच हाय."

वेगाचा काटा तीसवर आला, वीसवर, दहावर. ठोके त्याच अंतराने पडत होते.

गाडी थांबली.

थड थड थड थड.

मग शांत झालं.

इंजिन चालू होतं. मागे बिस्किटाच्या कागदाचा आवाज येत होता. गेणभाऊंनी तळवा उचलला आणि पँटला पुसला.

"पोरीला जरा उतरवता का?"

मी तिला रस्त्याच्या कडेला घेऊन उभी राहिले. ते गाडी घेऊन पुढे गेले, जोरात ब्रेक मारला, वळले, पुन्हा मारला. परत आले तेव्हा खाली उतरले नाहीत, काचेतूनच बोलले.

"गाडीचं इचाराल तर गाडी ओके हाय, ताई."

"मग हे काय आहे?"

"मी गाडीचा मेकॅनिक हाय." ते वैजूकडे बघत नव्हते. "कुशाबाईला सांगितलं का?"

संध्याकाळी मी कुशाबाईंना सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. वैजूला फाटकाबाहेर नेलं, तिच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं, पदराने पुसलं. वैजू खिदळत होती.

"आता झालं ना, आई?" मी विचारलं.

"त्याच वक्ताला घालायचं असतं," त्या म्हणाल्या. "आत येयाच्या आधी."

"आणि नाही घातलं तर?"

"आमी कवा न्हाई घातलं असं झालंच न्हाई, बाय. मला काय म्हाईत?"

सोमवारपासून मी वैजूला भिमाजींच्या व्हॅनने पाठवायला लागले. भिमाजी सावकाश चालवतात, गावातली नऊ मुलं त्यांच्याकडे आहेत. भरत म्हणाला, तुझ्या डोक्यातलं खूळ जाईपर्यंत हेच बरं.

बुधवारी दुपारी भिमाजींचा फोन आला.

"ताई, उद्या वैजूचं तुमी बघता का? व्हॅनचे ब्रेक जरा... मुलं हायेत राव गाडीत. दाखवून घेतो आधी."

"थरथरतात का?"

पलीकडे त्यांनी व्हॅनचं इंजिन बंद केलं.

"तुमाला कसं ठावं?"

मी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा केला, मी उचलला नाही.

लॅबमधून बिनपगारी रजा घेतली. वैजूचं नाव गावातल्या अंगणवाडीत घातलं. घरापासून दहा मिनिटं चालत, मध्ये एकच रस्ता ओलांडायचा. चाकं नाहीत, ब्रेक नाहीत. पहिल्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की परतताना मी तिला गाणं म्हणायला लावलं.

काल बाराच्या सुमारास आम्ही परत येत होतो. ऊन छान होतं. माझ्या डाव्या हातात तिचा उजवा हात. रस्त्याशी आलो तेव्हा उसाचा ट्रॅक्टर येताना दिसला.

"थांब," मी म्हणाले.

आम्ही दोघी थांबलो.

तिचा हात माझ्या हातात थरथरला. चार वेळा, सारख्या अंतराने.

मग स्थिर झाला.

मी खाली पाहिलं. ती ट्रॉलीवरचा ऊस बघत होती. चेहरा शांत होता. तिचा डावा हात मात्र मागे होता. खांद्यापासून ताणलेला, मूठ घट्ट मिटलेली.

मी वाकून एकेक बोट सोडवलं. तिने विरोध केला नाही.

मुठीत काही नव्हतं. तळव्यावर आडवा लाल वळ होता, जनावराचं दावं काचल्यासारखा, आणि मी बघत असतानाच तो हळूहळू अधिक लाल होत गेला.