मामीच्या शेजारचे पाय

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. मामाने मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून. आणि स्वतःची इतकी नाचक्की होईल अशी गोष्ट कोणी उगाच रचत नाही.

रात्रबित्र नव्हती. चक्क दुपार होती. जराशी ढगाळ.

मामा ट्रक चालवतो. गाडी जुनी, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. त्या खेपेला मामी सोबत होती, कारण तिच्या बहिणीचं घर वाटेवरच होतं. उताराच्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या वजनकाट्यासमोर मामाने जेवायला गाडी उभी केली. हँडब्रेक कधीचाच ढिला. म्हणून गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवली आणि पुढच्या चाकाला दगड लावला.

जेवण झालं. मामाने चावी फिरवली.

टक.

नुसतं टक. इंजिन फिरेना.

"झालं का सुरू तुमच्या लाडकीचं?" मामी म्हणाली.

मामाने हॉर्न वाजवून पाहिला. खणखणीत. दिवे लावले. लख्ख. म्हणजे बॅटरी उतरलेली नव्हती. खाली उतरून त्याने बॅटरीची टोकं घासली, वायरी आवळल्या. पुन्हा चावी.

टक.

"सेल्फ अडकलाय," मामा म्हणाला.

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर. जुनी झाली की आतून अडकते. मग एकाने गाडीखाली झोपून तिच्यावर पान्याने ठोकायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने वर चावी फिरवायची. बहुतेक वेळा गाडी उचलते.

"तुमची कंबर धरलीय. मी जाते खाली," मामी म्हणाली. "कुठे ठोकायचं तेवढं दाखवा."

मामाने नको म्हणायला हवं होतं. निदान गिअर तरी काढायला हवा होता. पण उतार होता, आणि क्लच दाबून धरला की झालं, असं त्याला वाटलं.

त्याने सेल्फ दाखवला आणि वर जाऊन बसला. मामी पुढच्या चाकामागून आत सरकली.

ठक… ठक…

"फिरवा!"

टक.

"परत फिरवा!"

टक.

मग ठोकणं थांबलं…

झुडपांत मघापासून किडे किरकिरत होते. तेही थांबले. रस्त्यावर एक गाडी नाही. वारासुद्धा नाही.

"काय गं, काय झालं?"



मग खालून मामीचा आवाज आला. हळू. शेजारच्याशी बोलावं तसा.

"अहो, तुम्ही कशाला आलात? बरं, हा घ्या पाना…"

मामाला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी गफलत झाली.

तेवढ्यात कोणीतरी खोकलं. खोल, जुना खोकला… एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा.

ठक. ठक. ठक. आता घाव वेगळे होते. सराईत.

"फिरव!"

मामी त्याला कधीच अरे-तुरे करत नाही. आणि तो आवाज बाईचा नव्हताच.

पण हात सवयीने फिरला. इंजिन धडधडून सुरू झालं. आणि त्याच क्षणी मामाची नजर बाजूच्या आरशात गेली.

गाडीखालून मामीचे पाय बाहेर आले होते. पायात तिच्या निळ्या चपला.

आणि त्यांना लागून… आणखी दोन पाय.

अनवाणी. धुळीने राखाडी झालेले.

मामाचा पाय क्लचवरून सुटला. गाडी हिसका देऊन मागे गेली आणि बंद पडली.

आणि मामा पळाला.

पलीकडच्या दाराने उडी टाकली आणि थेट उताराला लागला. बायको गाडीखाली होती, आणि हा जीव घेऊन पळत होता. तिला हाक मारायचंही सुचलं नाही.

वळणावर दम संपला तेव्हा त्याला आठवलं, की गाडी मागे सरकली होती.

तो परत फिरला. काय दिसणार, हे त्याने मनात पाहून ठेवलं होतं.

मामी रस्त्याच्या कडेला बसली होती. केसांतली माती झटकत. साधं खरचटलंही नव्हतं.

जिथे तिचं डोकं होतं, तिथे आता पुढचं चाक होतं. पाना त्याच्याखाली जमिनीत रुतला होता.

"कुठे गेला होतात?"

"मदत मिळते का बघायला," मामा म्हणाला.

मामीने त्याचा हात घट्ट धरला. 

"तुम्ही खांद्याला धरून ओढलं नसतं तर मी गेलेच होते हो. 'पोरी, बाजूला हो' म्हणालात आणि खस्सकन ओढलंत. किती गार हात होता तुमचा!"

मामाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"पण तुम्ही खाली होतात, तर चावी फिरवली कोणी?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"वायर चिकटली असेल," मामा म्हणाला. "कधी कधी आपोआप सुरू होते गाडी."

मामीने विश्वास ठेवला. तिला गाडीतलं काही कळत नाही, आणि मामावर तिचा जीव आहे.

त्याने गिअर काढून ब्रेक दाबून धरला, चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. घर येईपर्यंत त्याने त्या बाजूच्या आरशात पाहिलं नाही.

आता घरी कोणीही आलं, की मामी हा किस्सा सांगते. यांनी मला कसं वाचवलं, ते अगदी रंगवून. पाहुणे मामाच्या पाठीवर थाप मारतात. तो काहीतरी कारण काढून उठून जातो. लोकांना वाटतं, किती साधा माणूस.

परवा जेवताना मामी त्याला म्हणाली, "त्या दिवशी मला पोरी म्हणालात ना, फार बरं वाटलं होतं. माझे वडील गेल्यापासून कोणी म्हटलंच नव्हतं. परत एकदा म्हणा ना."

मामाने म्हणून पाहिलं.

मामी हसली. "असं नाही हो. तेव्हा तुमचा आवाज वेगळा होता…"

मामाने हातातला घास ताटात ठेवला. तो ताटावरून उठला, बाहेर आला आणि मला हे सगळं सांगितलं. मग विचारलं, "सांगू का गं तिला?"

मी दाराकडे वळून पाहिलं. आत मामी भांडी आवरत होती, आणि तो शब्द हळूच स्वतःशी म्हणून बघत होती… वेगवेगळ्या आवाजांत.